देवाची कृपा फुकट मिळते, तर मग लेंटमध्ये चाळीस दिवस उपवास कशासाठी?

दरवर्षी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास इन्स्टाग्रामवर एक फोटो हमखास दिसतो. कपाळावर राखेनं काढलेला छोटासा क्रूस. कुणी वसईचं असतं, कुणी गोव्याचं, कुणी मुंबईचं, कुणी अहिल्यानगरचं. मग मित्रमंडळी विचारतात, तुमच्यातही भस्म लावतात का? चाळीस दिवस मटण बंद म्हणजे खरंच बंद? आणि एवढं केल्यावर पापं धुतली जातात का?

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. त्याचं ख्रिस्ती उत्तर ऐकून बऱ्याच जणांना आश्चर्य वाटतं, कारण ते उत्तर 'नाही' असं आहे. ख्रिस्ती श्रद्धेनुसार क्षमा आणि तारण ही देवाची फुकट भेट आहे. ती उपवासानं मिळत नाही, दानधर्मानं मिळत नाही आणि कपाळावरच्या राखेनंही मिळत नाही. या भेटीला 'कृपा' म्हणतात.

मग उपवास कशाला? समजून घेऊ. आणि त्यासाठी सुरुवात हिंगोली जिल्ह्यातून करू. या जिल्ह्यात ख्रिस्ती कुटुंबं अगदी मोजकी आहेत. पण 'कृपा' या शब्दाची तिथं फार जुनी ओळख आहे.

लेंट म्हणजे काय आणि ते कधी असतं?

ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांच्या काळाला लेंट म्हणतात. मराठी ख्रिस्ती लोक त्याला उपवासकाळ किंवा प्रायश्चित्तकाळ असंही म्हणतात. 'लेंट' हा शब्द जुन्या इंग्रजीतल्या वसंत ऋतूच्या नावावरून आला आहे.

सुरुवात होते राखेच्या बुधवारी. आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून ही राख करतात आणि धर्मगुरू ती कपाळावर लावतात. माणूस मातीचा आहे आणि मातीलाच मिळणार आहे, याची ती आठवण. गोव्याचा कार्निव्हल याच्या आदल्या दिवशी संपतो, कारण दुसऱ्या दिवसापासून खाण्यापिण्यावर बंधनं सुरू होतात.

बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत मोजलं तर दिवस ४६ भरतात. पण रविवार हा येशूच्या पुनरुत्थानाचा दिवस मानतात, म्हणून सहा रविवार उपवासात धरत नाहीत. उरले ४०. येशूनं आपलं काम सुरू करण्याआधी रानात चाळीस दिवस उपवास केला, असं बायबल सांगतं. त्यावरून हा आकडा आला.

ईस्टरची तारीख चंद्रावर ठरते, त्यामुळे लेंट दरवर्षी पुढं-मागं होतं. २०२६मध्ये राखेचा बुधवार १८ फेब्रुवारीला आणि ईस्टर ५ एप्रिलला. २०२७मध्ये १० फेब्रुवारी आणि २८ मार्च.

कॅथलिक चर्चचा नियम तसा साधा आहे. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोन दिवशी १८ ते ५९ वयाच्या निरोगी माणसानं दिवसात एकदाच पोटभर जेवायचं, बाकी दोन वेळा थोडंसं खायचं. या दोन दिवशी आणि लेंटमधल्या शुक्रवारी मांसाहार टाळायचा. बरेच जण त्यापुढं जाऊन पूर्ण चाळीस दिवस मटण-मासळी, दारू किंवा गोड सोडतात. प्रॉटेस्टंटांमध्ये काही चर्च लेंट पाळतात, काही अजिबात पाळत नाहीत. का पाळत नाहीत, ते पुढं येईलच.

'कृपा' म्हणजे नेमकं काय?

मराठी बायबलमध्ये, पौलानं रोमकरांना लिहिलेल्या पत्रात, दोन शब्द समोरासमोर येतात. एक 'वेतन' आणि दुसरा 'कृपादान'. वेतन म्हणजे केलेल्या कामाचा मोबदला. तो मागता येतो, तो आपला हक्क असतो. मूळ ग्रीकमध्ये इथे सैनिकाच्या पगारासाठी वापरायचा शब्द आहे. कृपादान म्हणजे जे कमावलेलं नाही तरी मिळालं ते. पौलाचं म्हणणं असं, की पापाचं वेतन ठरलेलं आहे आणि ते म्हणजे मरण. पण देव देतो ते जीवन पगाराच्या हिशेबात बसतच नाही.

येशूनं हीच गोष्ट एका दृष्टान्तातून सांगितली. मत्तयच्या शुभवर्तमानात, २०व्या अध्यायात ती आहे. मूळ कथा द्राक्षमळ्याची आहे. आपण ती वसमतच्या हळदीच्या शेतात नेऊन बघू.

समजा, हळद काढायचे दिवस आहेत. शेतमालक पहाटे नाक्यावर जातो आणि ठरलेल्या रोजावर काही मजूर आणतो. काम आवरत नाही म्हणून नऊ वाजता पुन्हा जातो, बारा वाजता जातो, तीन वाजता जातो. संध्याकाळी पाचला गेला तर काही जण अजून तिथंच उभे. "इथं दिवसभर काय करताय?" "आम्हाला कुणी कामाला लावलंच नाही." तो त्यांनाही घेऊन येतो. तासाभरात दिवस मावळतो. मजुरी वाटायची वेळ येते आणि पाचला आलेल्यांच्या हातावर पूर्ण दिवसाचा रोज पडतो. पहाटे आलेल्यांना वाटतं, आता आपल्याला जास्त मिळणार. त्यांनाही तेवढाच रोज मिळतो. ते भडकतात.

मालकाचं उत्तर असं, की तुमचं ठरलेलं मी तुम्हाला दिलं. तुमचं काही कापलं नाही. मी त्याला उदारपणे दिलं तर तुम्हाला का खुपतं?

हा दृष्टान्त ऐकून राग येत असेल, तर तो तुम्हाला बरोबर समजला आहे. दिवसभर उन्हात राबलेल्याची बाजू आपल्याला पटते. पण नाक्यावर संध्याकाळपर्यंत उभ्या राहिलेल्याच्या घरीही चूल पेटायची असते. कृपेचा हिशेब तिथून सुरू होतो. समोरच्यानं किती कमावलं हे न बघता त्याला काय लागणार आहे, हे बघणारा तो हिशेब आहे.

ख्रिस्ती श्रद्धेत ही भेट येशूशी जोडलेली आहे. माणसाचं देवाशी तुटलेलं नातं माणूस स्वतःच्या बळावर जोडू शकत नाही, म्हणून देवानंच पुढाकार घेतला, येशूनं क्रुसावर प्राण दिला आणि तिसऱ्या दिवशी तो उठला. ही किंमत देवानं भरली, म्हणून माणसाला ती भेट फुकट. हा या शिकवणुकीचा गाभा आहे आणि लेंटचे चाळीस दिवस याच घटनेकडे चालत जातात.

हिंगोलीला हा शब्द नवा का नाही?

हिंगोली जिल्ह्यातलं नरसी हे परंपरेनुसार संत नामदेवांचं जन्मगाव. याच जिल्ह्यात औंढा नागनाथचं ज्योतिर्लिंग आहे. लेंट सुरू होतं साधारण त्याच दिवसांत, महाशिवरात्रीला, औंढ्याला मोठी यात्रा भरते.

नामदेवांची एक कथा या भागात घरोघरी माहीत आहे. नामदेव देवळासमोर कीर्तन करत होते. ते जातीनं शिंपी. पुजाऱ्यांनी त्यांना तिथून हाकललं. नामदेव देवळाच्या मागं जाऊन बसले आणि तिथंच भजन करू लागले. तेव्हा देऊळच फिरलं आणि देवाचं तोंड नामदेवांकडे झालं. देऊळ फिरल्याची ही गोष्ट पंजाबातही पोचली. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबमध्ये नामदेवांची ६१ पदं आहेत, त्यात ती येते.

दुसरी कथा विसोबा खेचरांची. संतांच्या मेळ्यात गोरोबाकाकांनी नामदेवांना 'कच्चं मडकं' ठरवलं. दुखावलेले नामदेव गुरूच्या शोधात निघाले आणि विसोबांकडे आले. लोककथेनुसार हे औंढ्याला घडलं. विसोबा पिंडीवर पाय ठेवून पडले होते. नामदेवांना ते सहन झालं नाही. विसोबा म्हणाले, जिथं देव नाही तिथं माझे पाय ठेव. नामदेव पाय उचलून जिथं ठेवायला जातील, तिथं पिंड दिसू लागली. विठ्ठल आपल्याशी बोलतो याचा नामदेवांना जो अभिमान होता, तो तिथं गळाला.

दोन्ही कथांमध्ये एक गोष्ट दिसते. ज्याला मागं ढकललं, त्याच्याकडे देव स्वतः वळला. आणि ज्याला आपण देवाचे लाडके आहोत असं वाटत होतं, त्याला आधी रिकामं व्हावं लागलं.

याचा अर्थ दोन्ही परंपरा एकच सांगतात असा नाही. वारकरी परंपरेत नाम, गुरू आणि विठ्ठल यांच्या आधारानं कृपेचा अनुभव येतो. ख्रिस्ती परंपरेत तो येशूच्या मरण-पुनरुत्थानाशी बांधलेला आहे. पण 'माझ्या लायकीवर नाही, त्याच्या कृपेवर' हे वाक्य मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही, ते संतांमुळे. ख्रिस्ती लेखकांनीही हे ओळखलं होतं. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६मध्ये गोव्यात 'ख्रिस्तपुराण' छापलं, तेव्हा येशूची कथा सांगायला त्यांनी मराठी ओवी घेतली. त्यानंतर जवळपास तीनशे वर्षांनी कवी नारायण वामन टिळक अभंगांतून ख्रिस्तभक्ती लिहीत होते. ख्रिस्ताकडे येताना तुकोबा आपल्यासाठी पूल ठरले, असं ते सांगत.

फुकट आहे, तर उपवास कशाला?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आपल्याकडे उपवास अनेकदा व्यवहाराच्या भाषेत समजला जातो. सोळा सोमवार केले, आता नोकरी लागू दे. नवस बोलला, तो फेडला. ही सवय फक्त हिंदूंची नाही. ख्रिस्ती लोकही माऊंट मेरीला किंवा वेलंकणीला जाऊन नवस बोलतात.

लेंटच्या शिकवणुकीत मात्र उपवासाची जागा वेगळी आहे. कृपा आधी आणि उपवास नंतर. उपवास ही देवाला दिलेली किंमत नसते. मिळालेल्या भेटीला दिलेलं ते उत्तर असतं.

घरातलंच उदाहरण घ्या. आईनं तुम्हाला वाढवलं ते बिल लावून नाही. पुढं तिच्या आजारपणात तुम्ही रात्र रात्र जागता, तेव्हा तुम्ही हप्ते फेडत नसता. तुमचं जागणं खरं असतं, त्याचे कष्टही खरे असतात. तरी ती परतफेड नसते. लेंटमधला उपवास साधारण असा आहे.

दुसरं कारण, उपवासानं माणसाला स्वतःची गरज कळते. पोट भरलेलं असेल, फोन हातात असेल, सगळं ठीक चाललं असेल, तेव्हा आपल्याला कुणाच्या कृपेची गरज आहे असं वाटतच नाही. चहा सोडल्यावर चौथ्या दिवशी होणारी चिडचिड माणसाला स्वतःबद्दल बरंच काही सांगते. मूठ घट्ट मिटलेली असेल तर हातात कुणी काही ठेवू शकत नाही. उपवास ती मूठ उघडण्याचा सराव आहे, असं धर्मगुरू समजावून सांगतात.

तिसरं, लेंटमध्ये उपवास एकटा नसतो. प्रार्थना, उपवास आणि दानधर्म अशी तिन्हीची जोडणी असते. स्वतःच्या ताटातून जे वाचलं ते दुसऱ्याच्या ताटात जावं, अशी अपेक्षा असते. नाहीतर तो उपवास नुसता डाएट होतो.

आणि सोशल मीडियावाल्यांसाठी खास गोष्ट. राखेच्या बुधवारी कॅथलिक चर्चमध्ये मत्तयच्या सहाव्या अध्यायातला भाग वाचतात. त्यात येशू सांगतो, की उपवास कराल तेव्हा तोंड पाडून फिरू नका. तोंड धुवा, डोक्याला तेल लावा, लोकांना कळूही देऊ नका. दान द्याल तर उजव्या हाताचं डाव्या हाताला कळू नये. म्हणजे ज्या दिवशी कपाळावर सगळ्यांना दिसेल अशी राख लावतात, त्याच दिवशी दिखावा करू नका असं वाचतात. हा विरोधाभास चर्चनं मुद्दाम जपला आहे. राख मिरवण्यासाठी नाही.

याच प्रश्नावरून चर्च कसं फुटलं?

माणसाचे प्रयत्न किती आणि देवाची कृपा किती, हा वाद ख्रिस्ती धर्मात फार जुना आहे. पाचव्या शतकात पेलॅजियस नावाच्या शिक्षकाचं म्हणणं होतं, की माणूस ठरवलं तर स्वतःच्या इच्छाशक्तीनं चांगलं वागू शकतो. ऑगस्टीननं त्याला विरोध केला. कृपेशिवाय चांगली इच्छाही मनात उगवत नाही, असं तो म्हणाला. ४१८मध्ये कार्थेजच्या परिषदेनं पेलॅजियसची मतं फेटाळली.

भारतातही असाच वाद झाला होता. दक्षिणेतल्या श्रीवैष्णव आचार्यांमध्ये दोन मतं पडली. एका मतानुसार भक्त माकडाच्या पिल्लासारखा असतो. आई उडी मारते, पण पिल्लाला तिला घट्ट धरून राहावं लागतं. हा मर्कटन्याय. दुसऱ्या मतानुसार भक्त मांजराच्या पिल्लासारखा असतो. आईच त्याला मानेला धरून उचलते, पिल्लू काहीच करत नाही. हा मार्जारन्याय. ख्रिस्ती वाद समजायला ही जोडी फार उपयोगी पडते.

सोळाव्या शतकात हा वाद पेटला. त्या काळी पापाची शिक्षा कमी होते असं सांगून चर्चच्या नावानं माफीपत्रं विकली जात होती. १५१७मध्ये मार्टिन ल्युथरनं आपल्या ९५ मुद्द्यांत त्यावर बोट ठेवलं. जे देव फुकट देतो ते विकायचा अधिकार कुणाला, असा त्याच्या विरोधाचा रोख होता. त्यातून प्रॉटेस्टंट चर्च जन्माला आलं.

लेंटही या वादात सापडलं. १५२२च्या लेंटमध्ये स्वित्झर्लंडमधल्या झुरिक शहरात एका छापखानदाराच्या घरी काही लोकांनी मुद्दाम सॉसेज खाल्ले. उपवासाचा नियम मोडला म्हणून गदारोळ झाला. तिथला धर्मगुरू झ्विंग्ली त्यांच्या बाजूनं उभा राहिला. उपवास करायचा तर करा, पण सक्ती नको, असं त्याचं म्हणणं. आजही काही प्रॉटेस्टंट चर्च लेंट पाळत नाहीत, त्याची मुळं इथं आहेत. उपवासालाच लोक तारणाचा मार्ग समजतील, ही त्यांची भीती.

कॅथलिक चर्चचं म्हणणं होतं, की कृपा देवाचीच, पण ती माणसाला बदलते आणि माणूस तिला साथ देतो, त्यामुळे सत्कर्मांना अर्थ आहे. हे भांडण जवळपास पाचशे वर्षं चाललं. ३१ ऑक्टोबर १९९९ला जर्मनीतल्या ऑग्सबर्गमध्ये कॅथलिक चर्च आणि ल्युथरन जागतिक महासंघ यांनी एका संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. माणसाला देव स्वीकारतो ते माणसाच्या कामगिरीमुळे नाही तर केवळ कृपेमुळे, आणि ती कृपाच माणसाला सत्कर्मांसाठी बळ देते, यावर दोघांचं एकमत झालं.

मराठीतलं सगळ्यात बोलकं उदाहरण: पंडिता रमाबाई

हे सगळं पुस्तकी वाटत असेल तर एका मराठी बाईचं आयुष्य बघा.

रमाबाईंचा जन्म १८५८चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे संस्कृतचे पंडित. हे कुटुंब पुराण सांगत तीर्थक्षेत्रं फिरायचं. व्रतं, स्नानं, उपवास, दानं यात कुठलीही कसर नव्हती. जवळचं सगळं धर्मापायी खर्च झालं. मग दुष्काळ आला आणि आई, वडील, बहीण एकामागून एक गेले. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास दोघंच उरले. इतकं करूनही देव प्रसन्न का झाला नाही, हा प्रश्न त्यांच्या वाट्याला पुस्तकातून आला नव्हता.

पुढं १८७८मध्ये कोलकात्यात त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' हे किताब मिळाले. लग्न झालं, मुलगी मनोरमा झाली, १८८२मध्ये पती गेले. १८८३मध्ये त्या इंग्लंडला गेल्या.

तिथं लंडनजवळच्या फुलहॅममध्ये त्यांनी एक संस्था पाहिली. समाजानं 'पतित' म्हणून टाकलेल्या बायकांसाठी जोगिणी तिथं काम करत होत्या. अशा बायकांना कुणी प्रेमानं वागवतं, हे रमाबाई पहिल्यांदाच बघत होत्या. त्यांनी कारण विचारलं. उत्तरादाखल त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी बाईची गोष्ट दाखवली गेली. पाच नवरे झालेली, गावानं बाजूला ठेवलेली ती बाई, आणि विहिरीवर तिच्याकडे पाणी मागणारा येशू. २९ सप्टेंबर १८८३ला वाँटेज इथं रमाबाईंनी आणि मनोरमेनं बाप्तिस्मा घेतला.

पण खरी गोष्ट पुढं आहे. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी रमाबाईंना जाणवलं, की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळालेला नाही. नियम पाळणं, अभ्यास, सेवा हे सगळं चालू होतं. मनाला शांती नव्हती. विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मगुरूचं आत्मकथन वाचून त्या विचारात पडल्या. हॅस्लम धर्मगुरू असूनही त्याला स्वतःला ही कृपा उशिरा कळली होती. हळूहळू रमाबाईंच्या लक्षात आलं, की आपण जुनंच करतोय, फक्त धर्म बदलून. आधी व्रतांनी देवाला जिंकू पाहत होतो, आता ख्रिस्ती कर्तव्यांनी. 'माझी साक्ष' या छोट्या पुस्तकात त्यांनी हे सगळं मोकळेपणानं लिहिलं आहे. तारण कमवायचं नसतं, ते घ्यायचं असतं, हे कळल्यावर आपण मोकळ्या झालो, असा त्याचा आशय.

मग त्यांनी काय केलं? हात जोडून बसल्या नाहीत. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुलींना घेऊन आल्या. दौंडजवळच्या केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं. १९००च्या दुष्काळानंतर तिथल्या मुली-बायकांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. आणि तिथं समाजानं टाकलेल्या बायकांसाठी त्यांनी एक वेगळं घर काढलं. फुलहॅममध्ये पाहिलेलं त्यांनी महाराष्ट्रात आणलं. त्या घराला त्यांनी नाव दिलं 'कृपासदन'.

कृपा फुकट असते म्हणजे माणूस आळशी होतो का, या प्रश्नाला यापेक्षा चांगलं उत्तर मराठीत शोधून सापडणार नाही.

आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत त्यांनी हिब्रू आणि ग्रीकमधून पूर्ण बायबल सोप्या मराठीत आणलं. ५ एप्रिल १९२२ला त्या गेल्या. त्या वर्षी ईस्टर १६ एप्रिलला होता. म्हणजे रमाबाई गेल्या त्या लेंटमध्येच.

यावर आक्षेप काय आहेत?

पहिला आक्षेप चर्चच्या आतूनच आला. कृपा फुकट म्हणून सांगत राहिलं तर लोक ती गृहीत धरतील. जर्मन धर्मपंडित डिट्रिच बोनहोफर यानं १९३७मध्ये 'स्वस्त कृपा' या वृत्तीवर कडक टीका केली. पश्चात्ताप न करता क्षमा, आयुष्य न बदलता आशीर्वाद, हे त्याच्या मते चर्चचं सगळ्यात मोठं दुखणं. त्याचं म्हणणं, कृपा फुकट आहे पण स्वस्त नाही, कारण ती देणाऱ्याला महाग पडली. हिटलरला विरोध केल्याबद्दल बोनहोफरला ९ एप्रिल १९४५ला फाशी दिली गेली.

दुसरा आक्षेप महाराष्ट्रातला आहे आणि तो टाळून हा विषय पूर्ण होत नाही. मदतीसोबत धर्म आला तर ती मदत फुकट कशी? रमाबाईंच्या शारदा सदनावर पुण्यात हाच आरोप झाला. सदनातल्या मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव टाकला जातो, असं म्हणत १८९३मध्ये अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. 'केसरी'नं सडकून टीका केली. न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्ण भांडारकर यांच्यासारखे सुधारकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. रमाबाईंचं म्हणणं होतं, की आपण कुणावर सक्ती केली नाही, पण आपली प्रार्थना आपण लपवणारही नाही. हा वाद आजही वेगवेगळ्या रूपात सुरू असतो.

कृपेची शिकवण स्वतःला लावून बघितली तर मोजपट्टी स्पष्ट आहे. जी गोष्ट विकत घेता येत नाही, ती धान्याच्या पोत्याच्या बदल्यात विकताही येत नाही. मदतीला अट लागली की ती कृपा राहत नाही, व्यवहार होतो. ख्रिस्ती संस्थांवर टीका करणाऱ्यांनाही आणि त्या चालवणाऱ्यांनाही ही मोजपट्टी वापरता येईल.

हिंगोलीत लेंट कसं असतं?

२०११च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती साधारण १० लाख ८० हजार आहेत, म्हणजे लोकसंख्येच्या जेमतेम एक टक्का. त्यातले बहुतेक मुंबई-ठाणे-वसई पट्ट्यात, पुण्यात, अहिल्यानगर भागात. मराठवाड्यात हा समाज विखुरलेला आहे. मराठवाड्यातल्या कॅथलिकांसाठी १९७७मध्ये औरंगाबाद धर्मप्रांत स्थापन झाला. उत्तर भारतीय चर्चचाही मराठवाड्याचा धर्मप्रांत आहे.

जिथं समाज छोटा असतो, तिथं लेंट फार दिसत नाही. मिरवणूक नसते, बॅनर नसतो. शुक्रवारी संध्याकाळी चर्चमध्ये 'क्रूसाची वाट' असते. येशूच्या शेवटच्या प्रवासातले चौदा थांबे एकेक करून आठवायचे आणि प्रत्येक ठिकाणी प्रार्थना करायची. लेंटच्या शेवटच्या आठवड्यात झावळ्यांचा रविवार, गुरुवारी शेवटच्या भोजनाची आठवण, गुड फ्रायडे आणि मग ईस्टर. बाहेर शेतात हळद शिजत असते, वाळत असते. येशूनं सांगितलं तसा, कुणाला न कळता चाललेला उपवास बघायचा असेल तर अशा छोट्या गावांत बघावा.

थोडक्यात, नेहमीचे गैरसमज

*लेंटमध्ये उपवास केला की पापं धुतली जातात.* नाही. क्षमा ही देवाची भेट मानली जाते. उपवास हे त्या भेटीला दिलेलं उत्तर.

*मग काहीही करा, माफी आहेच.* असंही नाही. कृपा माणसाला बदलते अशी श्रद्धा आहे. काहीच बदललं नाही तर भेट घेतलीच नाही, असं म्हणतात.

*सगळे ख्रिस्ती लेंट पाळतात.* नाही. काही प्रॉटेस्टंट चर्च पाळत नाहीत. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये लेंट असतं, पण ते सोमवारपासून सुरू होतं.

*गुड फ्रायडेला 'हॅपी गुड फ्रायडे' म्हणायचं.* नको. तो येशूच्या मृत्यूच्या आठवणीचा दिवस आहे. शुभेच्छा ईस्टरला द्या.

*ओळखीतलं कुणी लेंट पाळत असेल तर काय करायचं?* आग्रह करून मटणाचं ताट पुढं करू नका आणि "किती दिवस जमलं?" असा हिशेबही विचारू नका. हिशेब बाजूला ठेवण्यासाठीच तर हे चाळीस दिवस आहेत.